एकाच नावाचा कौल

माझ्या धाकट्या दिराला तीनदा शिक्षा झाली. पहिल्या दोन शिक्षांनंतर तो आधीपेक्षा पक्का चोर होऊन घरी आला आणि तिसऱ्या शिक्षेनंतर मी मध्ये पडले. मी मध्ये पडले म्हणून गावातली निम्मी माणसं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नकोत बोलू. मला काजू फोडून घ्यायचे असतात, गप्पांना वेळ कुणाला आहे?

आमचं गाव रत्नागिरी शहराला लागूनच. स्टँडवरून रिक्षावाला यायला तयार होतो, फक्त शेवटच्या चढावर माणसांना उतरवतो. वर कातळ, खाली वाडी, मधल्या उतारावर हापूसच्या बागा. माझा नवरा एसटीच्या डेपोत नोकरीला. घरामागच्या शेडमध्ये मी काजूचा कारखाना चालवते. कारखाना आपला म्हणायचा म्हणून. बिया उकडायला एक बॉयलर, गर सुकवायला एक भट्टी आणि फोडायला वाडीतल्या बायका. दीर माझ्याहून बराच लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा आणि माझ्या हातचे घावणे तव्यावरूनच पळवायचा. तेव्हा त्या पळवण्याचं सगळ्यांना कौतुक होतं.

पुढे तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला. हात चांगला होता. मग दारू लागली, आणि दारूला हात चांगला असून भागत नाही, खिसा लागतो. मोटारी दुरुस्त करणाऱ्याला कुणाच्या विहिरीवर कुलूप नाही नि कुणाचा नट ढिला आहे, हे मालकाच्या आधी कळतं. अख्खी मोटार गोणत्यात घालून तो एकटा घाटी चढून हायवेला न्यायचा आणि भंगारवाल्याला विकायचा.

पहिल्यांदा सापडला तेव्हा पोलिसांना कुणी बोलावलं नाही. गावातलं गावात, असा आमचा रिवाज. देवळासमोरच्या फणसाला बांधून त्याला चोपला, मग देवाच्या पायरीवर नाक घासायला लावलं, आणि सगळे समाधानानं जेवायला गेले. मी त्याच्या पाठीला हळद लावली. संध्याकाळी उठला आणि हायवेवरच्या बारमध्ये जाऊन बसला. त्याला लाज वाटावी म्हणून मारलं होतं ना? वाटली की. तीच बुडवायला तो तिथे गेला.

दुसऱ्यांदा त्यानं वाडीतल्या एका म्हातारीचा तांब्याचा हंडा नेला. तिच्या लग्नातला, आईनं दिलेला. ह्या वेळी पोलीस आले, कोर्ट झालं, तुरुंग झाला. मी म्हटलं, बरं झालं. हो, मीच म्हटलं. त्या म्हातारीचं रडणं मी ऐकलं होतं. चोराची बाजू घेणारी बाई असं मला म्हणतात, त्यांना हे सांगून ठेवते, की हंडा गेल्यावर मीही त्याच्या नावानं बोटं मोडली होती.

पण तुरुंगातून सुटला तेव्हा काय झालं ते ऐका. सकाळी गेट उघडलं, हा बाहेर पडला, आणि स्टँडवर येऊन आमच्या गावच्या गाडीत बसला. गाडीत गावचीच माणसं. कुणी शेजारी बसलं नाही. नाक्यावरच्या हॉटेलवाल्यानं चहा दिला, पण पैसे आधी मागितले. मोटार दुरुस्तीला त्याला कोण बोलावणार? घरात माझा नवरा त्याच्याशी ताटावर बसल्यावरसुद्धा बोलेना. आमच्या घरात रागावायचं काम माझ्याकडे आणि गप्प बसायचं काम नवऱ्याकडे, अशी वाटणी पहिल्यापासून आहे. दीर ओट्यावर बसून राहायचा. एवढा मोठा बाप्या माणूस, दिवसभर नुसता बसून. पावसाळा सरायच्या आत तो परत दारूत आणि परत दुसऱ्याच्या विहिरीवर होता.

तेव्हा जो तो मला एकच म्हण ऐकवायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मला ह्या म्हणीचा तिटकारा आहे. ज्यानं कुणी ती काढली त्यानं खोड घालवायला काय काय करून पाहिलं होतं, हे कुठं सांगितलंय? झोडपलं, कोंडलं, आणि सोडलं की पाठ फिरवली. गाय आटली तर आम्ही तिला चार औषधं करतो, पेंड बदलतो, गुरांच्या डॉक्टरला फोन लावतो. माणसाला मात्र एक म्हण आणि दोन लाथा.

तिसऱ्यांदा शिक्षा मोठी झाली. मी मुलाखतीला जायची. जाळीपलीकडे तो मला घरच्यापेक्षा बरा दिसायचा. अंगावर मांस आलं होतं, डोळे स्वच्छ होते. तिथं दारू नव्हती, वेळेवर जेवण होतं, आणि दिवसाला करायला काही काम होतं. परतताना मी गाडीत विचार करत बसे. इथं जे मिळतं त्यातलं कुलूप सोडून बाकी सगळं घरी का देता येऊ नये? हा विचार डोक्यात आला आणि तो मला सोडेना.

सुटायच्या दिवशी मी रिक्षा करून गेटवर गेले. नवरा म्हणाला, "लोक विचारतील, कुठं गेलीवतीस?"

"सांगीन, दिराला आणायला गेलेले. तुझा भाऊ आहे तो, माझ्या माहेरचा नाही."

रिक्षा मी गावाकडे वळवूच दिली नाही. सरळ इस्पितळात, दारू सोडवतात त्या विभागात. तिथं एक तरुण बाई बसायची, पेशंटशी बोलायचं तिचं काम. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिनं त्याला आत घेऊन बराच वेळ बोलून घेतलं, मग मला बोलावलं. म्हणाली, "चोरीची शिक्षा त्यांनी भोगली. दारूवर उपचार मात्र आजपर्यंत कुणीच केलेला नाही." मग गोळ्या कशा द्यायच्या, दर आठवड्याला कधी यायचं, ते सगळं समजावलं. शेवटी म्हणाली, "मध्ये घसरतील ते. घसरले तर ओरडू नका. घेऊन या."

मी म्हटलं, "घेऊन येईन. ओरडणार नाही असं वचन मात्र देत नाही."

ती हसली. मी खरंच सांगत होते.

मग काम. मी त्याला बॉयलरवर ठेवला. घरात आणि वाडीत एकच ओरड झाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! काजूगर म्हणजे सोनंच, आणि ह्या बाईनं तिथं ह्याला बसवलान्! मी म्हटलं, माझा जामदारखाना, माझ्या किल्ल्या, तुमच्या पोटात का दुखतं? बायका मात्र हटून बसल्या. हंडा गेलेली म्हातारी माझ्याकडे फोडायलाच येते, तिचा हात सगळ्यांत साफ. काजूचा चीक लागू नये म्हणून खोबरेल चोळलेले हात तसेच धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो असंल तर मी बसायची नाय."

तिला मी ओरडले नाही. तिच्यावर कुठल्या तोंडानं ओरडणार? दीर तिच्यासमोर गेला. नाक घासायला देवाची पायरी नव्हती, भोवती गाव नव्हतं. तो म्हणाला, "आजी, हंडा मी नेला. भंगारवाल्यानं वितळवलान्. मी परत आणू शकत नाय."

ती म्हणाली, "म्हाइत हाय मला."

एवढंच. दुसऱ्या दिवशी ती आली आणि बॉयलरकडे पाठ करून बसली. तशीच बसायची. त्यानं तिच्या घरची बंद पडलेली मोटार दुरुस्त करून दिली, पावसाआधी कौलं परतून दिली. तिनं कधी आभार मानले नाहीत. चहाच्या वेळी कुणी त्याचं बरं बोलायला लागलं की म्हणायची, "असंल. माझा हंडा तो हंडाच." मला ती म्हातारी फार आवडते. क्षमा केली म्हणून जगाला सांगत सुटणाऱ्या माणसांपेक्षा ही बरी. राग ठेवला आणि जागाही दिली.

तो घसरला, इस्पितळातल्या बाईनं सांगितल्याप्रमाणेच. गणपतीत. विसर्जनाहून परतला तो भिंत धरत. मी सबंध वाडीला ऐकू जाईल असं ओरडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात घालून त्याला इस्पितळात नेला. तो मान वर करेना. त्या बाईनं विचारलं, "किती महिने प्यायला नव्हतात?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मग तेवढे महिने जमलं की. परत सुरू करू." मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत त्याला कुणी जमलं म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला माझाच राग आला. नंतर गोळ्या मी स्वतःच्या हातानं त्याला द्यायला लागले.

मग माघ आला. कलमं मोहोरली, बागांतून फवारण्या सुरू झाल्या, आणि एका दुपारी आमच्या गावच्या मुख्य मानकऱ्यांच्या बागेतल्या खोपीतून पंप नाहीसा झाला. पाठीवर घेऊन मोहोर फवारायचा पेट्रोलवरचा पंप, नवा कोरा. हे मानकरी म्हणजे गावातले मोठे बागायतदार. शिमग्यात पालखी त्यांच्या शब्दाशिवाय हलत नाही. नात्यानं माझे चुलत सासरे लागतात, मी त्यांना काका म्हणते.

पंप कुणी नेला असेल ह्याचा विचार करायला गावाला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. मी दिराला शेडमध्ये गाठलं.

"तू नेलास?"

"नाय, वहिनी."

खरं की खोटं? मला कळेना. खरं सांगते, मला कळेना. त्या दुपारी तो जेवायला म्हणून गेला होता आणि उशिरा आला होता. आल्यावर त्याचा चेहरा उतरलेला होता. उशिरावरून मी शिव्या घातल्या, चेहऱ्याचं विचारलं नव्हतं, उन्हातून आलाय म्हटलं. आता तेच मला आठवत होतं. मी अजून एकदा विचारलं. तो परत नाय म्हणाला आणि बॉयलरखाली टरफलं सारायला वाकला.

मी काकांना निरोप पाठवला की पोलिसांत तक्रार करा, मी स्वतः त्याला घेऊन चौकीवर येते, काय विचारायचं ते विचारू देत. काकांचा उलट निरोप आला, की गावाची अब्रू चौकीवर नको, सोमवारी देवाला विचारू.

आमच्याकडे देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओले तांदूळ चिकटवतो, मानकरी प्रश्न घालतात, आणि सगळे श्वास धरून बसतात. उजव्या अंगाचा दाणा आधी सुटला तर हो, डाव्या अंगाचा सुटला तर नाही. ह्याला कौल म्हणायचं. लग्न, घर, विहीर, सगळ्याला आम्ही कौल घेतो. मी काही देव न मानणारी बाई नव्हे. कारखाना काढायच्या आधी मीही घेतला होता, उजवा झाला. डावा झाला असता तरी मी कारखाना काढलाच असता, पण ते देवाला नि मला ठाऊक.

चोरीलाही कौल घेतात. पण रीत अशी, की गावातल्या माणसानं नेलान् की बाहेरच्यानं, एवढंच विचारायचं. कुणाचं नाव घालायचं नाही. ह्या वेळी काकांनी सरळ सांगून टाकलं होतं, की दिराचं नाव घेऊनच विचारणार. उजवा झाला तर त्यानं गाव सोडायचं. माझ्या नवऱ्यानं हे ऐकलं आणि तो अंगणात जाऊन नारळ सोलत बसला. एक सोलला, दोन सोलले, घरात लागणार नव्हते तेवढे सोलले.

दीर गाव सोडून जाणार म्हणजे कुठं जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मुंबईला, त्याच्या जुन्या सोबत्यांच्या खोलीवर. तिथं गोळ्या द्यायला कुणी नाही आणि बाटली द्यायला सगळे. पुढच्या खेपेला आम्हाला फोन येईल तो तुरुंगातून येईल किंवा सरकारी शवागारातून. एका तांदळाच्या दाण्यावर हे ठरणार होतं. दाणा ओला किती, गुरवाचा अंगठा किती दाबला गेला, वारा कुठून आला.

सोमवारी सकाळी देऊळ भरलं. कौलाच्या वेळी बायका मागे, खांबापलीकडे बसतात आणि बोलत नाहीत. दीर आंघोळ करून ओल्या केसांनी सभामंडपात मधोमध उभा होता. त्याला तसं उभं राहायला सांगितलं होतं. गुरवानं देवाला स्नान घातलं, तांदूळ भिजवले, आणि काकांनी हात जोडून सुरुवात केली. बा देवा, गावाच्या राखणदारा, आजपर्यंत आमचं चुकलंमाकलं पदरात घेतलंस. सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं. मग काकांनी दिराचं नाव घेतलं.

मी उठले.

"काका, थांबा जरा."

मागून कुणीतरी माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

"सूनबाई, कौल चाललाय," काका म्हणाले.

"म्हणूनच म्हणते. नाव घालायचंय ना? घाला. पण एकच का? देवाला काय एकच नाव ऐकू येतं? गावातल्या सगळ्या घरांची नावं घाला. माझ्या घरापासून सुरुवात करा. मग वरची वाडी, मग खालची वाडी. मग तुमचं घर."

देवळात कुजबुज झाली. गुरव हातात ओले तांदूळ धरून एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे बघत होता. तो पुटपुटला, "एवढी नावं घ्यायची तर दिस मावळंल."

"मावळू दे," मी म्हटलं. "देवाला कुठं गाडी पकडायचीय?"

काकांचा चेहरा लाल झाला. "आमच्या घराचं नाव? पंप आमचा गेलाय!"

"तुमचा गेलाय, तर तुम्हाला भ्यायचं काय कारण? देव डावा देईल."

"आणि चुकून उजवा पडला तर?"

हे त्यांच्या तोंडून गेलं. गेल्यावर त्यांनाही कळलं. सबंध देवळाला कळलं. कुणाला इतक्या स्वस्तात सोडायची मला सवय नाही, पण त्या वेळी बोलायची गरजच नव्हती.

काका सावरले. त्यांनी बोट रोखलं ते दिरावर. "हा काय आज पहिल्यांदा सापडलाय? गावातलं एक घर सांगा ज्याला ह्यानं लुटलं नाय! ह्या आजीचा हंडा नेलान्, हिला विचारा!"

म्हातारी माझ्या शेजारीच बसली होती. तिला उठायला वेळ लागला. उठून ती म्हणाली, "माझा हंडा नेलान्, खरं हाय. पण माझा हंडा तुमच्या पंपाला साक्षी नाय." आणि खाली बसली.

आता भांडण पेटणार आणि मी ते जिंकणार असं मला वाटत होतं. मी पदर खोचला होता. इतक्यात इतका वेळ मान खाली घालून उभा असलेला दीर बोलला. तो माझ्याशी बोलला नाही, काकांशीही नाही. गुरवाच्या हातातल्या तांदळाकडे बघत म्हणाला, "लावा तुम्ही दाणे. माझं नाव घाला, माझं काय म्हणणं नाय. उजवा पडला तर मी आत्ता ह्याच कपड्यांनी जातंय. फक्त एक सांगा. डावा पडला तर?"

"डावा पडला तर काय?" काका म्हणाले.

"तर मला काय?"

मी तुम्हाला सांगते, त्या देवळात गावातली सगळी शहाणी माणसं होती. मास्तर होते, बँकेतून निवृत्त झालेले होते, मुंबईहून मुद्दाम आलेले होते. ह्याचा विचारच कुणी केला नव्हता. उजवा पडला तर काय करायचं ते ठरवून, बोलून, पक्कं करून आले होते. डावा पडला तर त्याला पालखीला खांदा लावू द्यायचा, की त्याच्या हातचा चहा घ्यायचा, की निदान गाडीत त्याच्या शेजारी बसायचं? माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मीही त्याला वाचवायलाच आले होते, त्याला काही मिळावं म्हणून नव्हे.

कुणीतरी मागून म्हणालं, "डावा पडला तर काय नाय. आहे तसा ऱ्हा."

"आहे तसाच ऱ्हायचं असंल तर दाणे कशाला फुकट घालवता," दीर म्हणाला. तो उद्धट बोलला नाही. त्याला खरंच विचारायचं होतं.

गुरवानं तांदूळ परत ताम्हनात ठेवले. काका म्हणाले, बघू पुढच्या सोमवारी. तो सोमवार अजून आलेला नाही, आणि पंपही आजपर्यंत सापडलेला नाही. चौकीवर तक्रार झाली नाही. शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली, पण काका आमच्याकडचं पाणी न पिता गेले. त्यांचा मान त्यांनी ठेवला, माझा मी ठेवला.

देवळातून परतताना मी पुढे आणि दीर मागे चालत होता. ऊन वर आलं होतं. मी अजून तणतणतच होते, काकांना काय काय बोलायचं राहिलं ते मोठ्यानं बोलत होते. बागेच्या दगडी गडग्यापाशी आल्यावर तो थांबला.

"वहिनी, तुमची तरी खात्री आहे ना? मी नाय नेला म्हणून?"

खोटं बोलायला जीभ वळली होती. पण मी आजवर त्याला ओरडले, शिव्या घातल्या, दोनदा ताट काढून घेतलं, खोटं कधी बोलले नाही.

"नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा बघवेना. "मग भांडलात कशाला?"

"खात्री असली तर कुणीही भांडेल. त्याला वहिनी कशाला लागते?"

तो गडग्यावर बसला. माझ्या रागाचा जोर ओसरला आणि मला भीती वाटायला लागली. इथून हायवे दिसतो. ह्या माणसाला आपण आता काय बोलून बसलो, हा उठून तिकडे गेला तर काय करायचं, असं मला झालं. मी त्याचा हात धरला नाही. किती दिवस धरणार? मी तिथंच उन्हात उभी राहिले.

मग तो म्हणाला, "मी गेलोवतो तिथं. त्या दुपारी. खोपीत."

मी त्याच्याकडे वळले.

"दार नुसतं लोटलेलं. पंप समोर. दोन दिवस डोक्यात नुसती दारू होती, वहिनी. मी उचलला. पाठीवर घेतला, पट्टे पण अडकवले. बाहेरपर्यंत आलो. मग परत गेलो आणि होता तिथं ठेवला. पुढं कुणी नेलान् मला म्हाइत नाय. आईशप्पत नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पंप नाय चोरला म्हणून सांगू?"

मी त्याच्या शेजारी गडग्यावर टेकले. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. का ठेवला हे मला कुणी विचारू नये, मी उत्तर देणार नाही. मारानं जे झालं नव्हतं, कोंडून जे झालं नव्हतं, ते त्या दुपारी खोपीच्या दारात झालं होतं, आणि ते बघायला तिथं एक कावळासुद्धा नव्हता. त्यासाठी ना कुठला कौल, ना कोर्ट. चोरी केली की सगळा गाव गोळा होतो. केली नाही तर माणूस उतरलेल्या चेहऱ्यानं कामावर येतो आणि उशीर झाला म्हणून वहिनीच्या शिव्या खातो.

"का ठेवलास खाली?" मी विचारलं.

तो पायाखालची माती उकरायला लागला.

"जड लागला," तो म्हणाला.

तो पंप मी पाहिलेला आहे. काकांच्या बागेतल्या बायका दिवसभर तसा पाठीवर वागवतात.